बी.डी. झाली म्हणजे दीक्षा झाली, असं नाही

नागपुरात ख्रिस्ती घरातला मुलगा ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी, त्याची एक पदवी बी.डी.) शिकायला गेला की तो परत येईपर्यंत शेजारपाजार त्याला ‘पाळकसाहेब’ करून मोकळा होतो. पदवीदानाचा फोटो ग्रुपवर पडला रे पडला की खाली ‘रेव्हरंड’ म्हणून अभिनंदनाची रांग लागते. पुढे घरातल्या लग्नपत्रिकेवरही ‘रेव्ह.’ छापून येतं, आणि ते पाहून माझं डोकं फिरतं. कारण पदवी म्हणजेच दीक्षा, म्हणजे हात ठेवून पाळक म्हणून अधिकार देण्याचा विधी, असं समजण्याची ही गल्लत पत्रिकेपुरती राहत नाही. तिच्यापायी घरं कर्ज काढतात, पोरं चार-चार वर्षं घालवतात आणि शेवटी ‘डायोसीसनं (बिशपांच्या हाताखालच्या चर्च-विभागानं) आमच्या मुलाला डावललं’ म्हणून कायमची रुसून बसतात.

पदवीचं फार सांगत बसत नाही, ती सगळ्यांना कळते. प्रवेश, हजेरी, पेपर, निकाल. बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) बहुधा बारावीनंतर, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) बहुधा पदवीनंतर. अनेक प्रॉटेस्टंट कॉलेजांच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून येतात. हे सेरामपूर बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. तिथल्या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं मिळाला. विदर्भातली जुनी माणसं अजून ‘यवतमाळची सेमिनरी’ म्हणतात, ती युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्येच पुण्याला गेली. जुना करार, नवा करार, ग्रीक-हिब्रू, मंडळीचा (म्हणजे चर्चचा) इतिहास असा तो अभ्यास. पास झालात की पदवी तुमची, तिथं मंडळीच्या होकाराचा संबंध नाही.

दीक्षेचं सगळं वेगळं आहे. एलएल.बी. वेगळी आणि सनद वेगळी, हे हायकोर्टाच्या शहरात कुणाला समजावावं लागत नाही. इथंही सुरुवात तिथूनच करा, पण थोडं पुढं जा. अटी पूर्ण केल्या की सनद मागता येते. दीक्षा मागून मिळत नाही, तिच्यावर कुणाचा हक्कच नसतो. तुम्ही म्हणता, देवानं मला पाचारण केलं. मंडळी म्हणते, बरं, आम्हीही पारखून पाहतो. तुमचं आतलं पाचारण आणि मंडळीचा बाहेरून आलेला होकार हे दोन्ही जुळल्यावरच बिशप मस्तकावर हात ठेवतात. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) उमेदवार गुडघे टेकतो, बिशप हात ठेवतात आणि बाकीचे प्रेसबिटरही (दीक्षित पाळकही) पुढं होऊन हात ठेवतात. समोर मंडळी उभी असते आणि तिचीही संमती विचारली जाते. या सगळ्यात गुणपत्रिकेला कुठंच जागा नाही.

कॅथोलिकांकडे हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. सेमिनरी हिल्सवर बालोद्यानाला जाणाऱ्या कितीजणांना त्या टेकडीचं नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलंय हे ठाऊक असतं कोण जाणे. धर्मगुरू होण्यासाठी चर्चच्या कायद्यानं तत्त्वज्ञानाची दोन आणि ईश्वरविज्ञानाची चार वर्षं लागतात, वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते, आणि डीकन (धर्मगुरूच्या आधीची दीक्षित पायरी) झाल्यावर गुरुदीक्षेपर्यंत किमान सहा महिने जावे लागतात. हे सगळं झाल्यावरही उमेदवाराच्या योग्यतेचा निर्णय बिशपांकडेच राहतो. उलट बाजूनं बघा. कॅथोलिक सिस्टर किंवा संसारी माणूस ईश्वरविज्ञानात डॉक्टरेटपर्यंत शिकू शकतो, भावी धर्मगुरूंना शिकवूही शकतो. पण मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) अर्पण करू शकत नाही. सीएनआयमध्ये स्त्रियांनाही दीक्षा मिळते, कॅथोलिकांमध्ये नाही. पदवीचं दार मात्र दोन्हीकडे स्त्रियांना उघडं आहे. एवढ्यावरून तरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पटायला हरकत नाही.

आणि नागपूरकरांनी तर ही गल्लत अजिबात करू नये. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. घोडं अडलं होतं त्यातली एक मोठी जागा म्हणजे दीक्षा. अँग्लिकन पाळकांना बिशपनं दीक्षा दिलेली. बाप्टिस्ट आणि ब्रदरन यांच्याकडे तर तसे बिशपच नव्हते. मग एका मंडळीचा पाळक दुसरीच्या वेदीपाशी कोणत्या अधिकारानं उभा राहणार? शेवटी कुणाचीही आधीची दीक्षा खोटी न ठरवता, हात ठेवण्याच्या विधीनं सगळ्यांची सेवा एक करायचं ठरलं. इतकी वर्षं थोर माणसं ज्या प्रश्नाशी झुंजली, तो ‘कोर्स झाला ना, मग झालं’ असं म्हणून उडवून लावणं मला सहन होत नाही.

व्यवहारात याचा चटका बसतो तो लग्नात. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे. लग्न कोण लावू शकतो याची यादी त्याच्या पाचव्या कलमात आहे: बिशपकडून दीक्षा मिळालेला, सरकारी परवाना असलेला धर्मसेवक, विवाह निबंधक वगैरे. त्या यादीत बी.डी. कुठंही नाही. अधिकार नसलेल्यानं लावलेलं लग्न चौथ्या कलमानं रद्दबातल ठरतं, आणि लावणाऱ्याला शिक्षाही होऊ शकते. ‘आपलाच भाचा आहे, बी.डी. आहे, तोच लावेल’ म्हणणाऱ्या मामांनी हे आधी वाचावं. प्रभुभोजनाचंही (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचंही) तसंच. बी.डी. झालेला तरुण संदेश देईल, प्रार्थना चालवेल, पण भाकर मोडण्यासाठी वेदीपाशी उभं राहायचं काम दीक्षित प्रेसबिटरचं. (डीकन मदत करतो, त्याच्यावर इथं जास्त लिहीत नाही.) स्वतंत्र मंडळ्यांचे नियम आपापले असतात, पण परवान्याची गरज त्यांनाही चुकत नाही.

म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर ‘कोणतं कॉलेज चांगलं?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ नका. आधी स्वतःच्या पाळकांकडे जा, पास्टरेट कमिटीसमोर (आपल्या मंडळीच्या समितीसमोर) बसा, डायोसीस उमेदवार म्हणून पाठवणार आहे का ते विचारा आणि होकार असेल तर लेखी घ्या. कॉलेजात प्रायोजित आणि स्वतंत्र अशा दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात. वर्गात दोघं एकाच बाकावर बसतात. फरक शेवटच्या पेपरनंतर उघडा पडतो, कारण प्रायोजित मुलाची डायोसीस वाट पाहत असते आणि स्वतंत्र मुलाबद्दल तिनं कुणाला शब्दच दिलेला नसतो. स्वतंत्र जाण्यात कमीपणा मुळीच नाही. शाळेत शिकवणं, दवाखान्यात रुग्णांची आत्मिक सेवा, भाषांतर, संडे स्कूलची बांधणी, या कामांना नीट शिकलेली माणसं मिळता मिळत नाहीत. फक्त तसं ठरवून जा, आणि आईवडिलांनाही निघण्यापूर्वीच तसं स्वच्छ सांगा.