कोळी मुतला म्हणून फोड येत नाहीत

पावसाळ्यात मानेवर जळजळणारा लाल पट्टा उठला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'कोळी मुतला!' कोळ्याच्या विष्ठेने असले फोड येत नाहीत. खरा कर्ता पेडेरस, जेमतेम १ सेंटिमीटरचा किडा: अंग नारिंगी, डोकं आणि मागचं टोक काळं, पाठीवर निळसर चकाकी. घाईत मुंगळाच वाटतो. भातशेतात राहतो, पिकावरचे तुडतुडे खातो (म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच), रात्री बाल्कनीतल्या दिव्याकडे येतो. तो चावत नाही. आपण त्याला चिरडतो, तेव्हा त्याच्या शरीरातल्या द्रवातलं पेडेरिन हे विषारी रसायन कातडीला लागतं. आग साधारण दिवसभराने सुरू होते, तोवर किडा कुणाला आठवत नाही आणि कोपऱ्यातल्या जाळ्यावर झाडू फिरतो. अंगावर दिसला तर फुंकून उडवा; चिरडलाच, तर लगेच साबणाने धुवा.