खांदा दुखतो, पण अडकलंय कुठे? – जलतरणपटू आणि पालकांसाठी

पणजीतल्या कांपाल किंवा म्हापशातल्या पेडेच्या तलावावर सराव करणाऱ्या मुलांचे पालक बहुतेक वेळा एकच सांगत येतात, "खांदा आखडलाय, जरा ताणून द्या." आम्ही फिजिओथेरपिस्ट लगेच ताणत नाही. आधी मोजतो.

हिशेब बघा. फ्रीस्टाइलमध्ये 50 मीटरला दोन्ही हात मिळून 40 वेळा फिरतात असे धरले, तर 4 किलोमीटरच्या सरावात एकेक खांदा 1600 वेळा फिरतो. पाठीचा वरचा भाग वळत नसेल तर त्याचे कामही खांद्यालाच करावे लागते. दुखतो खांदा, पण खोट असते पाठीत.

सुरुवात पालथे झोपवून करतो. हनुवटी जमिनीला, हात स्ट्रीमलाइनसारखे, म्हणजे कानांजवळून सरळ, तळवे एकावर एक ठेवून पुढे, कोपरे ताठ. आता हात उचला. अंगठे किती वर आले ते मोजतो. कमी आले तर खांदा, खवाटा (खांद्यामागचे पाते) की पाठ, हे या एका चाचणीतून कळत नाही. म्हणून पुढच्या दोन.

बटरफ्लाय पोहणाऱ्या एका मुलीचे हात जेमतेम उचलले जात होते. खांदे तपासले, उत्तम. मग स्टुलावर बसवली, गुडघ्यांत उशी, छातीवर आडवी काठी. उजवीकडे छान वळली. डावीकडे मात्र फक्त मान वळली, काठी जागच्या जागी! तिला खांद्याचे नव्हे, पाठीचे व्यायाम दिले.

शेवटी उताणे झोपवून, कोपर काटकोनात ठेवून हात आत आणि बाहेर किती फिरतो ते अंशांत मोजतो. जलतरणपटूंचा हात बाहेर जास्त, आत कमी फिरणे नवे नाही. दोन्हींची बेरीज दुसऱ्या हाताएवढी असेल तर घाबरू नका. बेरीजच घटली असेल तर लक्ष द्यावे लागते.

एक विनंती. तलावाच्या काठावर मित्राकडून दोन्ही हात मागे खेचून घ्यायची पद्धत बंद करा. जलतरणपटूंचे खांदे बहुधा आधीच सैल असतात. अशा खेचण्याने पुढची बाजू आणखी सैल होते.

सराव करून येऊ नका, दमलेल्या खांद्याचे माप चुकते. खवाटे दिसायला हवेत, म्हणून बिनबाह्यांचे कपडे घाला. हाताला मुंग्या येत असतील, रात्री दुखून जाग येत असेल किंवा खांदा निसटल्यासारखा वाटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग आमच्याकडे या.