सत्तरीची जंगलफेरी

सत्तरीची जंगलफेरी म्हणजे गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सत्तरी तालुक्यात, सांखळी-वाळपई-नगरगाव करत म्हादईच्या खोऱ्यातल्या रानातून आणि त्या रानातच वसलेल्या गावांमधून गाडीनं मारलेली एका दिवसाची चक्कर. हिला कुणी ठरवून नाव दिलेलं नाही, रूटचा बोर्ड नाही की तिकीट नाही, पणजी-म्हापशाची माणसं 'रविवारी जरा सत्तरीत जाऊन येऊया' एवढंच म्हणतात आणि निघतात. बहुतेकांच्या डोक्यात धबधबाच असतो, खास करून जुलै-ऑगस्टमध्ये, पण धबधबा बघून परत फिरलात तर निम्मी सत्तरीसुद्धा पाहिली नाही असं समजा, कारण इथलं रान समजून घ्यायचं तर वाटेतली गावं बघावी लागतात. त्या गावांचे देव रानात आहेत, सण रानावर चालतात आणि भांडणंही रानावरूनच होतात.

तालुक्याचं नाव सत्तर गावांवरून पडलं असं इथं सगळेच सांगतात. पोर्तुगीजांनी पहिल्यांदा घेतला तो तिसवाडी-बारदेस-साष्टीचा भाग. सत्तरी त्यांच्याकडे आली ती अठराव्या शतकात, 'नव्या काबिजादी'तला मुलूख म्हणून, त्यामुळे इथली देवळं, मराठी भजनं, गावकऱ्यांचे मानपान बऱ्यापैकी शाबूत राहिले. घरात कोकणी आणि देवळात, शाळेत, नाटकात मराठी असं इथलं चालत आलंय, आणि गावोगावच्या नाटकांच्या बोर्डवर अजून ते दिसतं.

सुरुवात सांखळीपासून करावी. वाळवंटी नदीच्या काठचं हे गाव आहे डिचोली तालुक्यात, पण सत्तरीचं दार हेच, बाजार इथला, बस इथली. जवळच हरवळेचा धबधबा, रुद्रेश्वराचं देऊळ आणि खडकात कोरलेल्या प्राचीन गुहा आहेत, पण तिथं अर्धा दिवस गेला तर पुढचं राहून जातं, म्हणून हरवळे वेगळ्या दिवसासाठी ठेवलेलं बरं. सांखळीहून दोन रस्ते फुटतात. एक केरीवरून, अंजुणे धरणाच्या कडेनं चोर्ला घाट चढून बेळगावला जातो, दुसरा वाळपईला. एका दिवसात दोन्ही करणारे लोक आहेत, पण मग नुसतं ड्रायव्हिंगच होतं, एकच निवडावा.

चोर्ल्याचा रस्ता म्हणजे वळणं, पावसाळ्यात धुकं आणि बेळगावहून भाजी-दूध घेऊन येणाऱ्या गाड्या. केरीत आजोबा देवाचं स्थान आणि त्याची राय म्हणजे देवराई आहे, आणि वर पठारावर सुर्ला गाव आहे, जिथून पावसात समोरच्या कड्यावरून पडणारे धबधबे दिसतात आणि गोवा-कर्नाटक-महाराष्ट्र तिन्ही राज्यं हाताच्या अंतरावर येतात. हे सुर्ला आणि पुढे येणारं तांबडी सुर्ला ही दोन वेगळी गावं आहेत, मॅपवर नुसतं 'सुर्ला' टाकून भलतीकडे पोचलेले लोक दर पावसाळ्यात भेटतात. या डोंगरांतल्या एका छोट्या प्राण्याबद्दल फार थोड्यांना माहीत असतं: देवगांडूळ. दिसायला गांडुळासारखा, पाय नसलेला, पण बेडकाच्या नात्यातला उभयचर. मातीत राहतो म्हणून दिसतच नाही. 2007 साली याच्या एका नव्या जातीची नोंद झाली तेव्हा तिच्या शास्त्रीय नावात म्हादई आली.

आता वाळपईचा रस्ता, खरी फेरी ही. वाळपई हे तालुक्याचं ठिकाण, गोव्यात पावसाचे आकडे वाचताना वरच्या ओळीत येणारं नाव. इथल्या बाजारात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दोन दिवस गेलात तर रान टोपलीत भरून आलेलं दिसेल. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून तिला फळं-फुलं टांगतात ती माटोळी, आणि माटोळीला लागणारा बराचसा माल घाटाखालच्या रानातून येतो: कांगलां, घागऱ्या, केवण, माट्टीची फळं, मोठी पिवळी तोरिंगं. विकायला बसलेल्या बायकांना प्रत्येक वेल कुठं सापडते, कुठली फळं नुसती टांगायची आणि कुठली खायची नाहीत हे तोंडपाठ असतं, विचारलं की आनंदानं सांगतात.

त्याच्याही आधी, पावसाचा जोर जरा ओसरला की रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळलेली अळमी दिसायला लागतात. ही रोयणीवर उगवणारी रानटी मश्रूम. रोयण म्हणजे वारूळ, आणि सत्तरीत वारूळ म्हणजे साक्षात सातेरी देवी, कितीतरी देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी रोयणच पुजली जाते. वाळवी त्या वारुळाच्या आत ही बुरशी वाढवते, म्हणून ही अळमी बागेत-शेडमध्ये लावता येत नाहीत. मिळतात महाग, आणि मागणी वाढली तशी कळीतच उपटून आणायची घाई वाढली. अभयारण्यातून अळमी काढायला बंदी आहे, फॉरेस्टवाले पावसाळ्यात सांगतही असतात. विकत घेण्याआधी कुठून आणली ते विचारावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

वाळपईच्या जवळच नाणूसचा किल्ला. किल्ला म्हणून बघायला गेलात तर फारसं उरलेलं नाही, पण गोव्याच्या इतिहासात या जागेला मोठा मान आहे. 26 जानेवारी 1852 ला दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारून हा किल्ला घेतला आणि 1855 पर्यंत सरकारला दमवलं. नंतर कुष्टोबा राणे, मग 1895 चं दादा राण्यांचं बंड, ज्यात आफ्रिकेत मोझांबिकला जायला नकार देणारे गोव्यातले मराठा शिपाई सामील झाले आणि ते मोडायला लिस्बनहून फौज आणावी लागली. हे सगळं इतकी वर्षं चाललं त्यामागे रानाचा मोठा हात होता, ज्याला वाटा माहीत त्याचंच रान, सरकारी पलटणीला ते कधी नीट कळलं नाही. शिगम्यात, म्हणजे इथल्या होळीच्या सणात, सत्तरीत घोडेमोडणी होते तेव्हा कंबरेला लाकडी घोड्याचं तोंड बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे गडी बघावेत, ते जुन्या लढवय्यांचीच आठवण नाचत असतात. याच दिवसांत झर्मे-करंझोळ बाजूला रणमालं हे लोकनाट्य आणि चोरोत्सव होतो, तो बघायचा तर गावातल्या कुणाला तरी आधी विचारून जावं, कॅमेरा काढण्याआधी तर नक्कीच.

वाळपईच्या पुढे नगरगावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात. मधेच काजूच्या बागायती, मार्च-एप्रिलमध्ये काच खाली केली की बोंडांचा आंबट-गोड वास गाडीत भरतो, कुठंतरी भट्टी लागलेली असते आणि हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा, सीझन चालू असतो. (गाडी चालवणाऱ्यानं फक्त वास घ्यावा.) ब्रह्मकरमळी गावात ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. ब्रह्मदेवाची देवळं देशभरात कमीच, आणि ही मूर्तीही मूळ इथली नव्हे, ती तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलला आणि या रानात आणून ठेवला, येताना आपल्या गावाचं नावही बरोबर आणलं, म्हणून हे गाव ब्रह्मकरमळी. कदंब राजांच्या काळातली ही काळ्या दगडातली उभी मूर्ती शांतपणे बघावी, पाचशे वर्षांपूर्वी रस्ता नसताना एवढा दगड इथवर आणणाऱ्या माणसांचा विचार केला की पाय तिथून लवकर निघत नाही.

त्याच बाजूला नानोडेजवळ बांबर इथं निरंकाराची राय आहे, आणि पूर्ण फेरीत एकच जागा बघायची असेल तर मी हीच सांगेन. ही गोड्या पाण्याची दलदल आहे, रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची, असलं जंगल पश्चिम घाटात आता अगदी तुकड्या-तुकड्यांनीच उरलंय. आत गेलं की आधी उजेड कमी होतो, मग पायाखालची माती मऊ लागते, आणि मग दिसतात मुळं, चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकून परत चिखलात गेलेली, शेकड्यांनी. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते म्हणून झाडं श्वासासाठी मुळं अशी वर काढतात. कुऱ्हाड इथं पोचली नाही ती कायद्यामुळे नाही, कायदा तर परवाचा, देवाच्या रायीतली काडीही घरी न्यायची नाही या धाकानं ती वाचली. मुळांवर पाय देऊ नये, पाण्यात बाटली-साबण काही नको, आणि आवाज जितका कमी तितकं बरं.

हा सगळा परिसर म्हादई अभयारण्याच्या कुशीतला. अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, क्षेत्र 208.5 चौ. किमी. म्हादई नदी कर्नाटकात खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते, सत्तरीतून येते आणि पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते, म्हणजे मिरामारला उभं राहून जे पाणी बघतो ते याच रानातून आलेलं असतं. उस्ते गावाजवळ पावसाळ्यात राफ्टिंग चालतं. पाऊस संपून पात्र उघडं पडलं की काठच्या काही गावांत 'पुरण शेती' होते, नदीच्या पात्रातच बांध घालून गाळ अडवायचा आणि त्यात भात घ्यायचं, पुढच्या पुरात सगळं वाहून जाणार हे माहीत असून. पाण्याचा वाद तर घराघरात बोलला जातो. 2018 च्या ऑगस्टमध्ये म्हादई लवादानं कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33 आणि गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटून दिलं, पण म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा प्रश्न काही त्यानं मिटला नाही.

वाघाचंही तसंच. सत्तरीत आणि सांगे भागात वाघ कोरलेले जुने दगड आहेत, वाघ्रो म्हणून त्यांची पूजा होते, म्हणजे वाघ इथला जुना रहिवासी, काल-परवा घाटावरून आलेला पाहुणा नव्हे. तरी जानेवारी 2020 मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले, गुरं मारल्याच्या रागातून हे झालं. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. लांबून बघणाऱ्याला गावकरी वाघाच्या विरोधात आहेत असं वाटतं, पण इथं मूळ दुखणं जमिनीचं आहे. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनी मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) नाहीतर सरकारच्या नावावर, कसणाऱ्याच्या हातात कागद नाही, मग अभयारण्य म्हटलं की माणूस घाबरणारच. शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जागा घ्यायला निघाले तेव्हा हीच भीती रस्त्यावर आली आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारला ती जागा सोडावी लागली. गावात चहाला थांबलात तर हा विषय निघतोच, तेव्हा शिकवायला जाऊ नये, ऐकावं.

धबधब्यांचं थोडक्यात. पाली, चरावणे, हिवरे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, सगळीकडे शेवटी चालावं लागतं आणि ओहोळ ओलांडावे लागतात. 2023 च्या जुलैत पालीला पाणी अचानक वाढून शंभरावर माणसं पलीकडे अडकली होती, त्यानंतर बंदी आली. नियम दर मोसमात बदलतात, म्हणून फॉरेस्टच्या चौकीवर विचारूनच पुढे जावं आणि नाही म्हटलं तर वाद न घालता वळावं. उन्हाळ्यात उलटा धोका: मार्च 2023 मध्ये याच डोंगरांत वणवे लागून कित्येक दिवस धुमसत होते. सिगारेटचं थोटूक, रस्त्याकडेची चूल, काहीच नको.

फेरीचा शेवट तांबडी सुर्लाला करावा. पणजीहून साधारण 65 किमीवर, धारबांदोडा तालुक्यात, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात महादेवाचं हे कदंब काळातलं देऊळ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं, बेसॉल्टचं. गोव्यात तांबडा जांभा दगड पावलोपावली मिळतो, हा काळा दगड मात्र घाटावरून आणला असं मानतात. त्या काळातलं एवढं धड उरलेलं दगडी देऊळ गोव्यात दुसरं नाही, आणि वाचलं तेही रान आड आल्यामुळेच. खांबाच्या तळाशी घोड्याला दाबणारा हत्ती कोरलाय तो शोधावा, मंडपातल्या नंदीला डोकं नाही. छताखालच्या गारव्यात बसलं की बाजूच्या नदीचा आवाज येतो, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. महाशिवरात्रीला इथं मोठी गर्दी असते.

गाडीचं म्हणाल तर पेट्रोल सांखळी नाहीतर वाळपईला भरून घ्यावं, मॅप आधी डाउनलोड करावा कारण नगरगावच्या पुढे नेटवर्क येतं-जातं. रस्ते डांबरी पण अरुंद, वळणावर हॉर्न, आणि समोरून कदंबा बस आली तर आपणच कडेला व्हायचं. संध्याकाळी गुरं घरी परततात ती रस्त्यानंच, आणि अंधार पडला की गवे रेडे बाहेर येतात, काळ्या रस्त्यावर काळं जनावर हेडलाईटमध्येसुद्धा शेवटच्या क्षणी दिसतं. म्हणून सकाळी सातच्या आत सांखळी सोडावी आणि उजेड आहे तोवर रानाबाहेर यावं.