बोरिंगचं पाणी, मीठ आणि अदलाबदल

राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या पुष्कळ घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं. महेश्वरच्या पलीकडे मंडलेश्वरजवळ जलूद आहे, तिथून ते पंपांनी उचलून विंध्याचा चढ चढवून सुमारे ७० किलोमीटरवर आणलं जातं. १९७८ पासून शहराची मुख्य मदार त्याच्यावर. दुसरं बोरिंगचं, आपल्याच अंगणाखालचं. नर्मदेचं पाणी पिण्याला, चहाला, वरणाला. आंघोळ, धुणं, भांडी, फरशी बोरिंगवर. स्वयंपाक करणाऱ्याला या दोन्हींतला फरक मीटर लावून सांगावा लागत नाही. बोरिंगच्या पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या घेतल्या तरी बोटचेपी होत नाही. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि पाण्यातलं कॅल्शियम हे पेक्टिन आणखी घट्ट बांधून टाकतं.

या जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यावर उपाय म्हणून आता घरोघरी सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करणारी यंत्रं, बसू लागले आहेत. बसवणारे सांगतात, ‘यानं पाण्यातले क्षार निघून जातात.’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे लोक नको त्या नळाला सॉफ्टनर जोडतात, त्याचं पाणी नको तिथे सोडतात. सॉफ्टनर अदलाबदल करतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेतो, त्यांच्या बदल्यात सोडियम देतो. काय गेलं याच्या जोडीला काय आलं, हेही प्रत्येक वेळी विचारायला हवं.

मुळात हे कॅल्शियम येतं कुठून? माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि दख्खनचा सगळा पाषाण तयार झाला, त्याचाच हा उत्तरेकडचा भाग. म्हणजे पुण्या-नाशकाच्या दगडाचा सख्खा भाऊ. या दगडातल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियम असतं, पायरॉक्सीन आणि ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथल्या मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, त्याचं सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं आणि ते वर्षानुवर्षं दगडाच्या भेगांमधून झिरपत ही खनिजं झिजवत राहतं. म्हणून पाणी जड व्हायला चुनखडीचेच डोंगर लागतात असं नाही. बोअर जितकं खोल आणि पाण्याचा दगडाशी सहवास जितका लांब, तितकं पाणी सहसा जड. एकाच गल्लीतल्या दोन बोरिंगांत मोठा फरक निघतो, कारण दोन्हींना लागलेल्या भेगा वेगळ्या असतात.

म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही, आपलं पाणी आपणच मोजायचं. इथे सर्रास गोंधळ होतो. विक्रेता पेनासारखा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचं प्रमाण) मीटर पाण्यात बुडवतो, ९०० आकडा दाखवतो आणि ‘बघा, किती जड पाणी!’ म्हणतो. ते यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. त्यात विरघळलेलं सगळंच धरलं जातं: सोडियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस भरपूर असून पाणी फारसं जड नसणं अगदी शक्य आहे, आणि अशा पाण्याला सॉफ्टनर लावून काहीच साधत नाही.

जडपणाचा अंदाज घरी घेता येतो. झाकणाच्या एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोरिंगचं आणि दुसरीत नर्मदेचं पाणी अर्धं-अर्धं भरा. दोन्हींत साध्या अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका. डिटर्जंट किंवा शांपू चालणार नाही, कारण ते जड पाण्यातही फेसाळतात. मग जोरात हलवा. नर्मदेच्या बाटलीत दाट फेस येऊन टिकतो. बोरिंगच्या बाटलीत फेस उठतो न उठतो तोच बसतो, पाणी दुधट होतं आणि वर राखाडी गुठळ्या तरंगू लागतात. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचं सोडियम लवण. कॅल्शियम त्या सोडियमला हटवून स्वतः आम्लाशी जोडलं जातं आणि हे नवं लवण पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला बसणारा चिकट थर तोच, आणि धुतलेल्या केसांना हात लावल्यावर जाणवणारी राठ पुटंही तीच.

नेमका आकडा हवा असेल तर थेंब मोजायचा संच मिळतो. छोट्या कुपीत मोजून पाणी घ्यायचं, त्यात बफरचे, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब आणि चिमूटभर सूचक, म्हणजे रंग बदलणारी पूड, टाकायची. पाणी लाल-जांभळं होतं. मग ईडीटीए नावाच्या रसायनाचे थेंब एकेक करून सोडायचे आणि दर थेंबाला कुपी हलवायची. बराच वेळ काही घडत नाही. मग लाल रंग मळकट होतो, आणि एका थेंबासरशी सगळं पाणी स्वच्छ निळं होतं. ईडीटीएने शेवटचं कॅल्शियम-मॅग्नेशियमही कवेत घेतल्याची ती खूण. थेंबांना संचावर छापलेल्या आकड्याने गुणलं की जडपणा मिळतो, लिटरला इतके मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात हा आकडा २०० पर्यंत पसंतीचा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे.

ही मर्यादा पाहून घाबरायचं कारण नाही. जड पाणी पिणं म्हणजे विष पिणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कमाल मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्याचा खरा उपद्रव आहे तो साबणाला, कपड्यांना आणि जिथे पाणी तापतं अशा प्रत्येक यंत्राला.

गीझरचंच बघा. साखर, मीठ हे पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते सर्वांत गरम जागी, म्हणजे थेट कॉइलवर, दगड होऊन बसतं. तो थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. गीझर उघडल्यावर मिस्त्री जे पांढरे-पिवळसर पापुद्रे काढून टाकतो, त्यातला एखादा लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून पाहा. तो सरसरून बुडबुडे सोडू लागतो. नळाच्या आणि शॉवरच्या जाळीला हाच उपाय: लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवायची. आणि सॉफ्टनर घ्यायचा नसेल तर निदान गीझरचं तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवा. ६० च्या वर थर फार झपाट्याने चढतो.

आता सॉफ्टनर. आतल्या नळकांड्यात खसखशीएवढे पिवळसर मणी असतात, त्यांना रेझिन म्हणतात. पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या जाळीवर ऋणभाराच्या असंख्य जागा पक्क्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जागेला सोडियमचा एकेक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, चिकटलेला असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांवर दुप्पट धनभार असतो, त्यामुळे रेझिन त्यांना जास्त घट्ट धरतं. जड पाणी मण्यांतून गेलं की एक कॅल्शियम आत जातो, दोन सोडियम बाहेर पडतात. सगळ्या जागा भरल्या की पाणी पुन्हा जसंच्या तसं जड येऊ लागतं. मग मिठाचं दाट पाणी सोडायचं. सोडियमची इतकी गर्दी झाली की संख्याबळावर तो कॅल्शियमला हुसकावून लावतो, आणि रेझिन पुन्हा कामाला तयार होतं. हे वर्षानुवर्षं चालतं. फक्त पाण्यातलं लोह आणि गाळ मण्यांवर साचता कामा नये, म्हणून आधी गाळ अडवणारा फिल्टर हवाच.

ही युक्ती माणसाला सापडली ती मातीमुळे. इंग्लंडमध्ये थॉम्प्सन नावाचा जमीनदार आणि वे नावाचा रसायनतज्ज्ञ मातीत घातलेलं खत पावसाने वाहून का जात नाही, याचा शोध घेत होते. १८५० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडलं तर अमोनियम मातीत अडकतं आणि खाली कॅल्शियम सल्फेट गळतं. पुढे कळलं की झिओलाइट खनिजंही हेच करतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी तशी कृत्रिम खनिजं बनवून पाणी हलकं करायला वापरली. प्लॅस्टिकचं रेझिन आलं १९३५ नंतर. झिओलाइटचे देखणे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जातात, आणि त्यांतले कितीतरी आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांतले असतात. जो पाषाण पाणी जड करतो त्याच्याच पोटात पाणी हलकं करणारं खनिज निपजावं, हे मला फार विलक्षण वाटतं. कपडे धुण्याच्या कितीतरी पावडरींतही कृत्रिम झिओलाइट घातलेलं असतं, याच कामासाठी.

आता मिठाचा हिशेब करू. समजा बोरिंगचा जडपणा ५०० आहे आणि आंघोळ, धुणं, भांडी मिळून दिवसाला ४०० लिटर पाणी सॉफ्टनरमधून जातं. यंत्रात २५ लिटर रेझिन आहे. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा पेलतं, म्हणजे एकूण १,२५० ग्रॅम. लिटरला अर्धा ग्रॅम या दराने ते २,५०० लिटरला पुरेल, म्हणजे सहा दिवस. नुसत्या रसायनशास्त्राने पाहिलं तर पुन्हा भरायला दीड किलोहून थोडं कमी मीठ लागावं. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट, तीनेक किलो घालावं लागतं, कारण गर्दी केल्याशिवाय कॅल्शियम जागा सोडत नाही. महिन्याला १५ किलो मीठ झालं, शिवाय रेझिनच्या दर मीठ-धुलाईला दोनशे लिटरच्या आसपास खारं पाणी, म्हणजे धुवण, गटारात. मीठही स्वच्छ हवं. बाजारातल्या मळकट खड्याच्या मिठात माती असते आणि समुद्रातलं मॅग्नेशियमही, म्हणजे जे काढायचं तेच पुन्हा आत जातं.

पाण्यात काय आलं? ५०० जडपणा पूर्ण काढला की लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. टीडीएस तर कमी होतच नाही, उलट किंचित चढतो, कारण २० ग्रॅम कॅल्शियमची जागा २३ ग्रॅम सोडियम घेतं आणि १२ ग्रॅम मॅग्नेशियमचीही २३ च ग्रॅम. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस मीटर लावून ‘यंत्र चालतच नाही’ अशी तक्रार करणारे भेटतात. यंत्र ठणठणीत असतं, मोजमाप चुकीचं असतं. दिवसाला अडीच लिटर असं पाणी प्यायलं तर पावणेसहाशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यात मिळून २,००० च्या खाली राहा म्हणते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजोबांच्या घरात ही भर क्षुल्लक नाही. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढा किंवा त्यावर आरओ ठेवा. आरओ सोडियमही अडवतो. संडासच्या फ्लशला तर हे पाणी देणं म्हणजे मीठ वाया घालवणं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बागेची. थॉम्प्सन आणि वे यांनी मातीत पाहिलेली अदलाबदल आपल्या काळ्या मातीत फारच जोरात चालते, कारण तिच्यातल्या चिकणमातीवर ऋणभाराच्या जागा खच्चून भरलेल्या असतात. त्या जागांवर कॅल्शियम बसलेलं असतं तोवर माती कणीदार राहते, पाणी पिते, हवा खेळते. सॉफ्टनरचं धुवण झाडांना घातलं की सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रं बुजतात. ओली असताना चिखल आणि वाळली की टणक पापुद्रा. नुसतं हलकं केलेलं पाणीही रोज घातलं तर हळूहळू हेच होतं. झाडांना बोरिंगचं जड पाणीच चांगलं. आणि हे खारं धुवण पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्यात तर चुकूनही जाऊ देऊ नका, ते तुमच्याच बोरिंगमध्ये उतरेल. सॉफ्टनर बसवायच्या आधी धुवणाचा पाइप कुठे जाणार, हे मिस्त्रीला विचारून घ्या. उत्तर ‘बगीचे में छोड़ देंगे, भैया’ असं आलं तर काम तिथेच थांबवा.

मीठ कमी लागावं याचा सोपा मार्ग आहे. पाणी शून्यावर आणायची गरजच नसते. बायपासची चावी किंचित उघडी ठेवून पाचवा भाग जड पाणी मिसळलं की ५०० चे १०० होतात, साबण छान लागतो, मीठ महिन्याला १५ ऐवजी १२ किलो लागतं, आणि ‘अंगावरचा साबण सुटतच नाही’ ही तक्रारही सहसा मिटते. ती बुळबुळ साबण राहिल्याची नसते; कॅल्शियमची गुठळी अंगावर न बसल्याची ती जाणीव असते. नुसत्या कपड्यांपुरता प्रश्न असेल तर धुण्याचा सोडा बादलीत आधी टाकून कॅल्शियम खाली बसवणं हा कितीतरी स्वस्त उपाय आहे. पाइपला चुंबक लावून पाणी हलकं करण्याचा दावा करणारी उपकरणं घेण्याआधी तोच थेंबांचा संच वापरा: चुंबकाआधी आणि चुंबकानंतर थेंबांची संख्या सारखीच निघेल, कारण कॅल्शियम पाण्यातून कुठेच गेलेलं नसतं.

पावसाळ्यात तर आकाशातूनच हलकं पाणी येतं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर पडलेल्या प्रत्येक मिलिमीटर पावसातून सुमारे ८० लिटर पाणी हाती लागतं, म्हणजे ५,००० लिटरची टाकी ६०-६५ मिलिमीटर पावसात भरते. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, जाळी लावायची आणि धुण्या-आंघोळीला ते वापरायचं. त्या महिन्यांत सॉफ्टनर बायपासवर ठेवता येतो. मात्र रेझिन कोरडं पडू देऊ नका, वाळून पुन्हा भिजलं की मणी तडकतात. आणि साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, म्हणून नवरात्रात पुन्हा सुरू करताना आधी मिठाची एक धुलाई द्या आणि पहिल्या दोन-तीन बादल्या गटारात सोडा.