आयएसओ फाइल माउंट करणं आणि बूटेबल पेनड्राइव्ह बनवणं : पावसाच्या आधी वाचून ठेवा

कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, देवगड आणि आजूबाजूच्या गावांतल्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी

पावसाळा लागला की लाईट ये-जा करत राहते आणि मग एखाद्या सकाळी बटण दाबलं की विंडोज उघडतच नाही, नुसतं गोल फिरत बसतं नाहीतर काळी स्क्रीन, असे लॅपटॉप आणि पीसी आमच्याकडे दर पावसात येतात. त्यातले बरेचसे घरच्या घरी सुरू होऊ शकतात, फक्त हाताशी बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरून कॉम्प्युटर थेट सुरू करता येतो असा, पाहिजे. आणि तो मशीन धड चालतंय तेव्हाच करून ठेवायला लागतो, कारण बंद पडल्यावर तो करायला दुसरा कॉम्प्युटर शोधावा लागतो आणि वाडीत भर पावसात तो कुठे मिळणार.

आधी आयएसओ म्हणजे काय ते. अख्खी सीडी किंवा डीव्हीडी जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवलेली असते, तिला आयएसओ म्हणतात, विंडोज असो की लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकटची सिस्टीम), डाउनलोडला हीच फाइल मिळते. ती माउंट करायची म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की ही डिस्क ड्राइव्हमध्ये घातली असं समज. विंडोज ८ पासून पुढे यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, फाइलवर राइट क्लिक करून माउंट म्हणा, धिस पीसीमध्ये नवीन डीव्हीडी ड्राइव्ह दिसेल, काम झालं की त्याच ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट. विनरार (झिपसारख्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर डबल क्लिकला फाइल त्यात उघडते, मग ओपन विथमध्ये जाऊन विंडोज एक्सप्लोरर निवडायचं. माउंट केलेल्या आयएसओत काही सेव्ह होत नाही, फक्त वाचता येतं, आणि मशीन रीस्टार्ट केलं की ती आपोआप निघून जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्हीएचडी नावाची फाइल असेल तर ती व्हर्च्युअल हार्डडिस्क असते, तिच्यात लिहिता पण येतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विंडोज चालू आहे आणि तुम्हाला फक्त ऑफिस टाकायचंय किंवा विंडोज १० वरून ११ वर जायचंय, तर पेनड्राइव्हची गरजच नाही, आयएसओ माउंट करा आणि आतलं सेटअप चालवा. मशीन ११ ला चालणारं असायला हवं, म्हणजे टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क वगैरे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून हा प्रश्न बरेच जण विचारतात. आणि ईमेलवर बिल म्हणून, कुरिअरची पावती म्हणून आयएसओ आली तर उघडू नका, खरं बिल कधी आयएसओत येत नाही, आत व्हायरस असतो.

आता पेनड्राइव्ह. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्हवर टाकली म्हणजे तो बूट होत नाही, भाताचं बियाणं पिशवीत आणून ठेवलं म्हणजे पेरणी झाली असं होत नाही तसंच. त्यासाठी रूफस नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आम्ही पण तेच वापरतो. पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्या, ८ मध्ये भागतं पण अडचण होते. रूफस चालू करायच्या आधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल हार्डडिस्क काढून ठेवा, कारण ज्या ड्राइव्हवर लिहिलं त्यातलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असोत की हापूसच्या पेट्यांचा हिशोब असो. मग आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीमला (म्हणजे ड्राइव्हचे भाग पाडायच्या पद्धतीला) जीपीटी ठेवा, फार जुनं मशीन असेल तर एमबीआर. फाइल सिस्टीम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली ठेवायची पद्धत, रूफसने जी निवडली तीच राहू द्या, हाताने फॅट३२ करायला जाऊ नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि विंडोज ११ च्या आयएसओमधली मुख्य फाइल बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. लिहिताना मध्येच लाईट गेली तर पेनड्राइव्ह अर्धवट राहतो, पुन्हा पहिल्यापासून करायचं, कॉम्प्युटरला त्याने काही होत नाही.

विंडोज ११ ची आयएसओ ५ जीबीच्या वर असते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती उतरत नाही आणि रेंज गेली की तुटते, तुटलेली फाइल बाहेरून चांगलीच दिसते. त्यामुळे शा-२५६ तपासा, म्हणजे फाइलवरून काढलेला लांबलचक आकडा, फाइल जरा जरी बिघडली तरी तो बदलतो, सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर असेल तर राइट क्लिकमध्येच मिळतं, आलेला आकडा मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

वापरायची वेळ आली की पेनड्राइव्ह लावून चालू करतानाच बूट मेनूचं बटण दाबत राहा, डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. विंडोजचा सेटअप उघडला की लगेच इन्स्टॉल दाबू नका!! रिपेअरचा पर्याय निवडा आणि त्यातलं स्टार्टअप रिपेअर आधी करून बघा. त्याने नाही झालं तर हाताशी असावं म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) आधीच करून ठेवा, तो इन्स्टॉल न करता नुसता चालवता येतो आणि तुमच्या फाइली एक्स्टर्नल डिस्कवर काढून घेता येतात. आमच्या मते हाच खरा उपयोग, विंडोज परत टाकता येतं, पाच वर्षांचं होमस्टेचं बुकिंग रजिस्टर परत आणता येत नाही.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) बंद केलं तरी ती मागितली जाते. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आजच बघून कागदावर लिहून ठेवा. पेनड्राइव्ह सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट डब्यात ठेवा, खाऱ्या हवेने पुढचा पत्रा गंजतो.

घरी जमत नसेल तर दुकानात या, येताना रिकामा पेनड्राइव्ह, लॅपटॉपचा चार्जर आणि ती रिकव्हरी की आणा. आम्ही फक्त कंपनीच्या साइटवरून घेतलेली आयएसओ टाकून देतो, क्रॅक केलेली विंडोज कुणी आणून दिली तरी टाकत नाही.