पुस्तकं हलली की आवाज वाढतो

रिकाम्या मोठ्या दालनात शिरलो की मी एक टाळी वाजवतो. आजूबाजूला कुणी नसेल तरच, अर्थात. टाळी लगेच विरली तर ती जागा वाचायला बरी. भिंतींवर आपटत ती दोन-तीन सेकंद रेंगाळली, तर तिथे 'शांतता राखा'च्या कितीही पाट्या लावा, फरक पडत नाही.

जुन्या ग्रंथालयांत टाळी लवकर विरते, आणि त्याचं बरंचसं श्रेय खुद्द पुस्तकांना जातं. कागद, कापडी बांधणी, दोन पुस्तकांमधल्या फटी, एक कणा पुढे तर दुसरा मागे: अशा खडबडीत पृष्ठभागावर आलेला आवाज थोडा जिरतो, उरलेला चहूकडे विखुरतो. नव्या ग्रंथालयात कपाटं बुटकी आणि विरळ झाली, मधोमध मोकळी जागा आली, भोवती काच आणि काँक्रीट आलं. पुस्तकं न बोलता जे काम करत होती, ते आता दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूकडून करून घ्यावं लागतं. आराखडा काढताना नेमकं हेच विसरलं जातं.

आवाज किती जिरतो, हे पहिल्यांदा नीट मोजलं वॉलेस सॅबिन या हार्वर्ड विद्यापीठातल्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. तिथल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यान दालन 1895 मध्ये सुरू झालं आणि वक्त्याचं एक अक्षर कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढची दहा-पंधरा अक्षरं त्यावर येऊन आदळत. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या रात्री आणून दालनात रचल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. एकेक गादी वाढली तसा वेळ घटत गेला. शोषणाचं त्याचं माप होतं उघडी खिडकी: तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण पूर्ण 1. यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. दालनाच्या घनफळाला 0.16 ने गुणायचं आणि एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचं शोषण, अशी सगळ्यांची बेरीज) भागायचं, की निनादाचा काळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदांत मिळतो.

कागदावर करून बघू. दालन 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद, 6 मीटर उंच. घनफळ 1800 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 1020 चौरस मीटर. सगळीकडे काच, गिलावा आणि फरशी असेल, तर सरासरी शोषण 0.05 धरा. निनाद जवळपास पावणेसहा सेकंद येतो. आता फक्त 300 चौरस मीटरच्या छताला 0.8 शोषणाचं आच्छादन लावा, बाकी काहीही बदलू नका. निनाद एका सेकंदाच्या आसपास उतरतो.

म्हणून माझं मत असं, की पैसे मोजकेच असतील तर ते आधी छतावर खर्च करावेत. छताला हात लागत नाही, त्यावर काही सांडत नाही, तिथे कपाट उभं राहत नाही. खनिज लोकरीची पॅनेल किंवा फटी ठेवून बसवलेल्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यामागे लोकर, असे पर्याय असतात. मागची लोकर आणि पोकळी विसरली, तर त्या पट्ट्या बहुतांशी शोभेच्या. गालिच्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. पातळ गालिचा पावलांचा आवाज मारतो, वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, पण यंत्रांची खालच्या पट्टीतली घरघर त्याला फारशी आवरत नाही. शिवाय पुस्तकांची ट्रॉली ढकलणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, जाड गालिचा म्हणजे काय ते. लिनोलियम किंवा रबराची फरशी तिथे सोयीची. लिनोलियम म्हणजे मुख्यतः जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा, आणि पाठीला तागाचं कापड.

घुमणाऱ्या जागेत माणसं जास्त बोलतात असं नाही, जास्त मोठ्याने बोलतात. गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने हे शतकभरापूर्वी नोंदवलं. शेजारचाही मग चढवतो. हेलसिंकीत 2018 मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयाने गोंगाट दाबण्याऐवजी मजले वाटून दिले. शिवणयंत्रं, स्टुडिओ, कार्यशाळा मधल्या मजल्यावर, पुस्तकं सर्वांत वर.

आता फळीकडे वळू, कारण तिथे चूक सर्वांत उघडी पडते. एक मीटर भरून ठेवलेल्या पुस्तकांचं वजन सहज 30 किलोच्या पुढे जातं. एकसारखा भार असलेल्या फळीचं वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. 90 सेंटिमीटरची फळी 120 ची केली, तर लांबी एक तृतीयांशाने वाढली, पण वाकणं तिपटीहून जास्त झालं. उलट जाडी तिसऱ्या घाताने मदतीला येते: 18 मिलिमीटरऐवजी 25 घेतली तर वाकणं एकतृतीयांशाच्या जवळ उतरतं. लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेला चिपबोर्ड मात्र त्याच वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतो. ग्रंथालयाच्या कपाटात साधारण 90 सेंटिमीटरचा खण दिसतो तो काही उगाच नाही. जमिनीचंही तसंच. वाचन कक्षाची जमीन चौरस मीटरला 300 किलोच्या आसपास भार धरून आखतात, पुस्तकांच्या कोठाराची त्याच्या दुप्पट किंवा जास्त. त्यामुळे 'ही कपाटं तिकडे सरकवू' हा निर्णय आधी अभियंत्याला विचारावा लागतो.

उजेडाचा प्रश्न फक्त दिव्यांचा नाही, पृष्ठभागांचाही आहे. वाचनाच्या टेबलावर युरोपीय मानकाप्रमाणे 500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) हवेत. पण टेबल चकचकीत असेल, तर तोच उजेड डोळ्यांत परततो आणि अक्षरं फिकी होतात. सर्वांत खालच्या फळीवरची नावं वाचायला वरच्या दिव्यापेक्षा फिकट रंगाची फरशी कधी कधी जास्त उपयोगी पडते. खिडकीची साधी काच अतिनील किरणांतला बराच भाग आत सोडते आणि स्वस्त कागदात उरलेलं लाकडातलं लिग्निन हे द्रव्य त्याने पिवळं पडतं. आल्व्हार आल्टो या फिन्निश वास्तुरचनाकाराने 1935 मध्ये व्हीपुरीच्या (तेव्हा फिनलंड, आता रशिया) नगर ग्रंथालयात यावर देखणं उत्तर दिलं. वाचनगृहाच्या छतात 57 गोल झरोके, प्रत्येक इतका खोल, की उन्हाळ्यातलाही सूर्य थेट आत डोकावू शकत नाही. किरण झरोक्याच्या पांढऱ्या कडांवर आपटून, मऊ होऊन पानावर उतरतात.

वासाबद्दल थोडंसं. नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरवणारा वास बहुधा बोर्डातल्या युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकातून येतो. फॉर्माल्डिहाइड कर्ककारक ठरलेला वायू आहे, म्हणून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागून घ्यावा. दुर्मिळ पुस्तकांसाठी ओकचं कपाट शोभिवंत दिसतं, पण त्यातून ॲसेटिक आम्ल झिरपतं आणि ते कागदाला बाधतं. तिथे पावडर कोटिंग केलेलं पोलाद बरं.

आणि खुर्च्या. खुर्ची ओढताना येणारी किंकाळी म्हणजे पाय जमिनीला चिकटणं-सुटणं, सेकंदाला शेकडो वेळा. पायाखाली फेल्टची चकती असली की ती थांबते, पण त्या चकतीत वाळूचे कण रुततात आणि काही महिन्यांत तीच फरशीला पॉलिश पेपरसारखी घासू लागते. टाळी वाजवून झाली की मी म्हणूनच एक खुर्ची उलटी करून बघतो.