जॉइंट फोटोतली बायको आणि पेन्शन

केंद्र सरकारचा नोकर निवृत्तीला आला की पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. उद्या तो गेला तर फॅमिली पेन्शन कुणाला द्यायची, ते त्यावरून कळतं. घटस्फोट झाला की फोटोतल्या बाईचा तो हक्क जातो, मग संसार तीस वर्षांचा का असेना.

मुळाशी जायचं तर १८७१ चा पेन्शन कायदा काढावा लागतो. तेव्हा पेन्शन म्हणजे सरकारच्या मेहेरबानीची नेमणूक, म्हणजे बांधून दिलेली रक्कम. सावकारानं ती गिळू नये म्हणून कलम ११ नं तिच्यावर जप्ती आणायला बंदी केली. हेतू चांगलाच होता. पण पोटगी थकवणारे नवरेही पुढे त्याच्या आडोशाला गेले. बायको म्हणजे सावकार नव्हे, हे कोर्टाकडून वदवून घ्यावं लागलं. पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१९ मध्ये सांगितलं.

दरम्यान पेन्शनचा अर्थच पालटला होता. निवृत्त अधिकारी डी. एस. नाकारा यांच्या १९८२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. मग ती सेवा चालू असताना डबे भरणारी, बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणारी बाई त्या मोबदल्यात कुठे बसते? हा प्रश्न आपल्या कायद्यानं स्वतःला कधी नीट विचारलाच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम २५ खाली पोटगी ठरवताना पेन्शन नवऱ्याचं उत्पन्न म्हणून मोजली जाते. वाटणीचं म्हणावं तर कलम २७, आणि त्यात येतात लग्नाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या वस्तू. भांडीकुंडी, थोडक्यात. जर्मनीनं १९७७ पासून आणि इंग्लंडनं २००० च्या डिसेंबरपासून पेन्शनचीच वाटणी सुरू केली. आपल्याकडे पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत अडकलं आणि तिथेच संपलं.

गंमत म्हणजे घटस्फोटित मुलीची सोय सरकारनं केली आहे. पंचविशी उलटली तरी आईवडिलांची फॅमिली पेन्शन तिला मिळू शकते, २००४ पासून. २०१७ मध्ये आणखी सवलत आली: त्यांच्या हयातीत घटस्फोटाचा दावा दाखल झाला असेल, तर हुकूमनामा नंतर झाला तरी चालतो. म्हणजे नवऱ्याच्या फोटोतून वगळलेली बाई पेन्शन मागायला वडिलांच्या फाइलीपाशी जाते, तेही ते सरकारी नोकरीत असले तर.